उचल, उसनं, आधार की चोरी? दुसऱ्याच्या लिखाणातून घेण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मुद्रितशोधन करते. छत्रपती संभाजीनगरात बसून नांदेड, लातूर, परभणी, बीडकडचे प्रबंध, कवितासंग्रह, गावच्या स्मरणिका आणि दिवाळी अंकांचे मसुदे वाचते. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका कोणी मनावर घेत नाही. पण एखाद्या उताऱ्यापाशी 'हा कुठला?' असं समासात लिहिलं की लगेच फोन येतो. त्या फोनवर येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. बहुतेकांना शब्दाचा अर्थ नको असतो, सुटका हवी असते. तरी आधी शब्द घेऊ.

वाङ्मयचौर्य नेमकं कशाला म्हणायचं?

दुसऱ्याचं लेखन, मांडणी किंवा शोध आपलाच म्हणून पुढं करणं. यात दोन कृती आहेत: घेणं, आणि कुठून घेतलं ते झाकणं. नुसत्या घेण्याला हा शब्द लावू नका. झाकणं आलं, की मग चार ओळी असोत नाहीतर चाळीस पानं, शब्द हाच. तो जड आहे आणि जडच राहू द्यावा. चहाच्या टपरीवर सहज फेकायचा तो शब्द नाही.

मग 'उचलेगिरी' म्हटलं तर सौम्य होतं ना?

बोलणाऱ्याला सौम्य वाटतं. ज्यांच्या अंगाला तो शब्द चिकटवला गेला त्यांना विचारा. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्यानं काही जमातींना जन्मापासूनच गुन्हेगार ठरवलं. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण नावं मागं राहिली. 'उचल्या' हे त्यातलंच एका जमातीचं नाव. लातूर जिल्ह्यातल्या धनेगावचे लक्ष्मण गायकवाड यांनी आपल्या आत्मकथनाला 'उचल्या' हेच नाव दिलं आणि १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. एखादा चांगला पगारदार प्राध्यापक दुसऱ्याचा लेख आपल्या नावावर खपवतो, तेव्हा त्याच्या करणीसाठी एका उपेक्षित जमातीची ओळख का वापरायची? माझ्याकडच्या मसुद्यात 'उचलेगिरी' आली की मी 'चोरी' सुचवते. सरळ आहे आणि कोणाच्या जातीवर जात नाही.

'उचल' मात्र मला आवडते. बीडकडच्या ऊसतोड कामगाराला उचल म्हणजे काय ते सांगावं लागत नाही: हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेली आगाऊ रक्कम. ती सगळ्यांना ठाऊक असते, वहीत मांडलेली असते, आणि फिटेपर्यंत सुटका नसते. लेखनातली उचल अशी वहीत मांडलेली असेल तर माझी काही तक्रार नाही.

ढापणं, छापणं, डल्ला मारणं, चोप्य-पस्ते?

बोलीतले शब्द, आणि छान आहेत. 'ढापलं'मध्ये थोडी गंमत आहे, 'डल्ला मारला'मध्ये घाऊक माल आहे. पोरांच्या तोंडी 'बघून छापलं' म्हणजे नक्कल केली. छापखान्यात 'छापलं' म्हणजे कष्ट केले. 'चोप्य-पस्ते' हा संगणकावरच्या मराठी माणसाचा विनोद. लेखी तक्रारीत यांतला एकही शब्द घालू नका, समोरचा हसण्यावारी नेतो.

आमच्याकडे 'कॉपी' म्हटलं की बारावीची परीक्षाच आठवते. तीही वाङ्मयचौर्यच का?

नाही. खिडकीतून आत आलेला कागद, मायक्रो झेरॉक्स, मोज्यातली चिठ्ठी यांत मूळ लेखकाचं काही जात नाही. गाईड लिहिणाऱ्याला कोणी लुबाडलेलं नसतं. फसवणूक होते ती परीक्षेची आणि शेजारी प्रामाणिकपणे बसलेल्या मुलीची. मंडळाच्या कागदांत म्हणून 'गैरमार्ग' हा शब्द असतो, आणि त्यासाठी महाराष्ट्रात १९८२ पासून स्वतंत्र कायदा आहे. भरारी पथक आणि बैठे पथक हे शब्द आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत. नांदेड जिल्ह्यात श्रीकर परदेशी जिल्हाधिकारी असताना झालेलं कॉपीमुक्ती अभियान अजून लोकांच्या बोलण्यात येतं.

घोटाळा पुढं होतो. दहावी-बारावीत 'कॉपी म्हणजे पकडलं जाणं' एवढंच शिकलेला मुलगा एम.ए.ला येतो आणि 'पकडलं गेलं नाही तर काय हरकत' असं मनापासून विचारतो.

'नक्कल' हा शब्द चांगला की वाईट?

तहसीलमध्ये चांगला. सातबाराची नक्कल मागता तेव्हा तुम्हाला हुबेहूब तेच हवं असतं, वर शिक्का आणि सही. बहुरूप्याच्या नकलेला टाळ्या पडतात. लेखकाला 'नक्कल केलीस' म्हटलं की तो चिडतो. शब्द एकच, आणि कोण कोणाला म्हणतंय त्यावर त्याचा भाव ठरतो.

आपल्याच जिल्ह्यातल्या दोन वास्तू घ्या. बीबी का मकबरा पाहायला आलेला प्रत्येक पाहुणा 'ताजमहालाची नक्कल' म्हणून मोकळा होतो. मकबऱ्याचा स्थापत्यकार अताउल्ला हा ताजच्या स्थापत्यकाराचा, उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा. म्हणजे ही बापाच्या कामाची पोरानं केलेली आवृत्ती, साधनं आखडलेली, बराचसा संगमरवर गिलाव्यानं भागवलेला. आता वेरूळला जा. कैलास लेण्याची रचना पट्टदकलच्या विरूपाक्ष मंदिराशी जुळते, आणि विरूपाक्षाची कांचीच्या कैलासनाथाशी. अभ्यासक हे उघड मांडतात. पण कैलासापुढं उभं राहून 'नक्कल' म्हणायची कोणाची जीभ रेटत नाही. तिथं आपण 'परंपरा' म्हणतो, 'प्रभाव' म्हणतो. घेतलेलं दोन्हीकडं आहे. ज्यानं घेतलेल्यात भर घातली त्याला आदराचा शब्द मिळाला, ज्याचा खर्च कमी पडला त्याला नक्कल. मकबऱ्यावर हा थोडा अन्यायच आहे, असं मला वाटतं.

संतांनी एकमेकांचं घेतलंच की! मग आम्हालाच नियम का?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा येतो, आणि विचारणाऱ्याला वाटतं की आता ही गप्प बसणार.

घेतलं, पण कसं ते पाहा. पैठणजवळच्या आपेगावचे ज्ञानेश्वर गीतेवर लिहितात आणि अठराव्या अध्यायात सांगून टाकतात: 'तैसा व्यासाचा मागोवा घेतु । भाष्यकाराते वाट पुसतु'. मूळ कोणाचं आणि वाट कोणाला विचारली, दोन्ही एका ओवीत आलं. यापेक्षा नेटका ऋणनिर्देश मी आजवर कोणत्या प्रबंधात वाचलेला नाही.

पुढं पैठणच्याच एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तोवर नकला करणाऱ्यांच्या हातून पाठ बिघडले होते, कोणी आपल्या ओव्या मध्येच घुसवल्या होत्या. अशा घुसवलेल्या मजकुराला 'क्षेपक' किंवा 'प्रक्षिप्त' म्हणतात, आणि ही चोरीची उलटी जात आहे: आपलं लिखाण थोराच्या नावावर खपवणं. नाथांनी शेवटी ताकीद दिली: 'ज्ञानेश्वरीपाठीं । जो ओंवी करील मऱ्हाटी । तेणें अमृताचे ताटीं । जाण नरोटी ठेविली'. नरोटी म्हणजे करवंटी. आज व्हॉट्सॲपवर थोरामोठ्यांच्या फोटोखाली कोणाचंही वाक्य फिरतं, त्याला मी क्षेपकच म्हणते.

महानुभावांची शिस्त तर आणखी कडक. लीळाचरित्राच्या पोथ्यांत एकच प्रसंग दुसऱ्यानं वेगळा सांगितला असेल तर तो गुपचूप मिसळून टाकत नाहीत. 'वासना' म्हणून तो वेगळा पाठ नोंदवतात. आजच्या भाषेत ही तळटीप झाली.

अभंगातली नाममुद्रा बदलली तर त्याला काय म्हणायचं?

चोरी. इथं मी मऊ शब्द शोधत नाही. 'नामा म्हणे', 'तुका म्हणे' ही सही आहे. तुकोबांच्या काळातच सालोमालो नावाचा माणूस दुसऱ्यांची वचनं मोडून आपली करत होता, आणि तुकोबांनी त्याला अभंगातच धरलं: 'मोडूनि संतांचीं वचनें । करिती आपणां भूषणें'.

मात्र नावाचा प्रत्येक गोंधळ चोरी नसतो. नरसीच्या नामदेवांच्या गाथेत सोळाव्या शतकातल्या विष्णुदास नामा या वेगळ्या कवीचे अभंग मिसळले आहेत. नावं सारखी, आणि लिहून घेणारे भाविक. त्याला 'सरमिसळ' म्हणावं.

कीर्तनात दुसऱ्याचे अभंग सर्रास येतात, त्याचं काय?

वारकरी कीर्तनाला यासाठी स्वतःचा शब्द आहे: 'प्रमाण'. बुवा आपला मुद्दा मांडतात आणि लगेच संताचं वचन प्रमाण म्हणून देतात, नाममुद्रेसकट. ही उघड उसनवारी आहे आणि उत्तम आहे. अडचण दृष्टान्तांची. एका महाराजांचा किस्सा तीन दिवसांत दहा फडांवर 'परवा आमच्या गावात काय झालं' म्हणून ऐकू येतो. प्रमाणाला नाव आणि विनोदाला मात्र नाव नाही, हे मला पटत नाही.

जुन्या संस्कृत शास्त्रात याचा काही विचार आहे का?

भरपूर. इसवी सन ९०० च्या आसपासचा राजशेखर काव्यमीमांसेत सरळच म्हणतो: 'नास्त्यचौरः कविजनो नास्त्यचौरो वणिग्जनः'. चोरी न करणारा कवी नाही आणि चोरी न करणारा वाणी नाही. ज्याला ती लपवता येते तो बोलणी न खाता आनंदात राहतो. वाण्यांनी रागावू नये, राजशेखर स्वतः कवी होता.

अशा घेण्याला त्याचा शब्द 'हरण', आणि त्याच्या प्रती त्यानं लावल्या आहेत. सगळा अर्थ तोच, फक्त वाक्यरचना फिरवलेली, तर 'प्रतिबिंबकल्प'. थोडे संस्कार करून वेगळं भासवलं, तर 'आलेख्यप्रख्य'. विषय निराळा पण साम्य इतकं की दोन्ही एकच वाटावेत, तर 'तुल्यदेहितुल्य'. मूळ गाभा एक पण सगळा साज वेगळा, तर 'परपुरप्रवेश'. माझ्याकडे येणाऱ्या प्रबंधांत पहिला प्रकार सर्वाधिक. 'महत्त्वाचे' काढून 'महत्त्वपूर्ण' घालायचं, दोन वाक्यांची जागा बदलायची. मार्गदर्शक त्याला 'स्वतःच्या शब्दांत लिहिलंय' म्हणतात. राजशेखराच्या मते असं काव्य त्याज्य.

औरंगाबादी उर्दूतले शब्द चालतील का?

चालतील काय, हवेतच. वली आणि सिराज औरंगाबादी यांच्या या शहरात शायरीच्या देवाणघेवाणीचं एक आख्खं शब्दभांडार पडून आहे. 'सरका' म्हणजे साहित्यातली चोरी. 'तवारुद' म्हणजे दोन शायरांना एकमेकांच्या नकळत तोच खयाल सुचणं. मराठीत यासाठी 'योगायोग' एवढाच ढिला शब्द आपल्याजवळ आहे. 'तजमीन' म्हणजे दुसऱ्याची ओळ उघडपणे आपल्या रचनेत गुंफणं. आणि तरही मुशायऱ्यात तर एकच मिसरा सगळ्यांना दिला जातो, त्याच जमिनीवर, म्हणजे त्याच वृत्तात आणि यमकात, प्रत्येकानं आपली गझल उभी करायची. तिथं ओळ उसनी घेणं हाच खेळाचा नियम. मराठी गझल लिहिणाऱ्या पोरांमध्ये 'माझी जमीन चोरली' म्हणून भांडणं होतात, तेव्हा मला हसू येतं.

भाषांतर, अनुवाद, रूपांतर, आधारित, प्रेरित: वर काय छापू?

भाषांतर आणि अनुवाद व्यवहारात एकच धरा. तर्जुमा म्हटलं तरी आपल्याकडच्या जुन्या माणसांना कळतं. मूळ सांभाळून मोकळीक घेतली तर 'स्वैर अनुवाद'. पात्रं, गाव, चालीरीती मराठी केल्या तर 'रूपांतर'. देवलांचं 'झुंझारराव' शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'चं रूपांतर आहे, आणि त्यांच्या 'संशयकल्लोळ'चं मूळ इंग्रजीवाटे फ्रेंच मोलिएरपर्यंत जातं. म्हणून देवल कोणाला लहान वाटत नाहीत.

'आधारित' म्हणजे कथानक त्याचं. 'बेतलेलं'ही तेच, जरा घरगुती. 'प्रेरित' या शब्दावर माझा राग आहे. खरं तर ठिणगी तिथून आली आणि आग माझी, एवढाच त्याचा अर्थ. प्रत्यक्षात प्रसंगामागून प्रसंग उचललेल्या एकांकिकेवर 'एका परदेशी कथेवरून प्रेरित' असं छापतात. कोणती कथा? कोणाची? नाव न देता लिहिलेलं 'प्रेरित' हे झाकणच.

कवितेखाली 'संकलित' किंवा 'साभार' लिहिलं की झालं ना?

'संकलित' म्हणजे अनेकांचं गोळा करून निवडलेलं. पैठणच्या सातवाहन राजा हालानं असंख्य प्राकृत गाथांतून सातशे निवडल्या असं सप्तशतीतच म्हटलंय. तो खरा संकलक. जिवंत कवीची एक कविता नाव काढून फिरवायची आणि खाली 'संकलित' लिहायचं, हे संकलन नव्हे.

'साभार' म्हणजे आभारासह. कोणाच्या? ते नाव पाहिजे. आणि 'साभार' ही परवानगी नाही, विचारल्याशिवाय अख्खी कथा छापून खाली 'साभार' लिहिलं तर लेखक भांडायला येऊ शकतो. (संपादकांचं 'साभार परत' हे वेगळंच दुःख, त्याचं स्वतंत्र पान लागेल.)

जात्यावरच्या ओव्या, गोंधळाची गाणी, भीमगीतं?

ओवीच्या खाली 'पारंपरिक' लिहा, पण ज्या बाईनं म्हणून दाखवली तिचं नाव, गाव आणि साल सोडू नका. ओवी सगळ्यांची असली तरी तिच्या आठवणीतली ती आवृत्ती तिची आहे. लोकसाहित्याच्या कित्येक संग्रहांत गोळा करणाऱ्याचं नाव मुखपृष्ठावर आणि म्हणणाऱ्या बायांचं कुठंच नाही. ही चोरी कायद्यात बसत नाही, पण मला ती मोठी वाटते.

जलशांच्या आणि भजनांच्या जुन्या पुस्तिकांत गाण्यावर कंसात 'चाल' देऊन मूळ गाण्याचा मुखडा छापलेला असतो. सुंदर पद्धत. घेतलं ते पहिल्याच ओळीत कबूल. ध्वनिमुद्रण करून विकायचं असेल तर मात्र चालीवर संगीतकाराचा वेगळा हक्क असतो, हे ध्यानात ठेवा.

प्रबंधात किती टक्के चालतं?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. १० ते ४० टक्के असेल तर जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून द्यायचं. ४० ते ६० टक्के असेल तर वर्षभर दुरुस्त प्रतही देता येत नाही. ६० च्या वर नोंदणी रद्द. अवतरणचिन्हांत संदर्भासह दिलेला मजकूर, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश हे मोजत नाहीत.

आता माझं मत. यंत्र 'साम्य' मोजतं, चौर्य नाही. नऊ टक्के आलं म्हणून पेढे वाटणाऱ्याचं ते नऊ टक्के नेमके निष्कर्षाच्या प्रकरणात असू शकतात. शिवाय जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेली मराठी यंत्राला मराठी म्हणून वाचताच येत नाही, आणि हिंदीतून उतरवलेलं प्रकरण नुसत्या शब्दजुळणीत सापडत नाही. 'मॅडम, टक्के कमी करून द्या' असे फोन येतात. ते काम मी करत नाही.

कायदा काय म्हणतो?

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात 'उल्लंघन' आहे, 'वाङ्मयचौर्य' नाही, आणि या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हक्क लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं. परभणीचे कवी बी. रघुनाथ १९५३ मध्ये गेले, म्हणून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेलं लेखन २०१४ पासून सर्वांना खुलं आहे. ते आज कोणीही छापू शकतं. पण त्यांची कविता स्वतःच्या नावावर छापली तर मालकीचं उल्लंघन नसलं तरी चौर्य पूर्ण आहे. उलट, हयात लेखकाची कादंबरी त्याच्याच नावानं, न विचारता छापली तर चौर्य नाही, उल्लंघन आहे. त्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड होऊ शकतो.

कल्पनेला मालकी नाही, तिच्या मांडणीला आहे. सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्ये आर. जी. आनंद खटल्यात हे स्पष्ट केलं. 'दुष्काळात गाव सोडणारं कुटुंब' हा विषय मराठवाड्यात कोणाच्या बापाचा नाही. परीक्षण किंवा अभ्यासासाठी थोडा उतारा नावासह द्यायला कायद्याची हरकत नाही.

माझाच जुना लेख मी पुन्हा छापला तर?

छापा, खाली 'पूर्वप्रसिद्धी' आणि साल द्या. नवा म्हणून मानधन घेतलंत तर संपादकाला फसवलंत.

दुसऱ्याकडून, किंवा यंत्राकडून, लिहून घेतलं तर?

पैसे देऊन प्रबंध लिहून घेतला तर कोणाची चोरी झाली नाही, लिहिणारा राजीखुशी होता. तरी पदवी घेणारा तोतया आहे. यंत्राकडून लिहून घेतलं तर लेखकाच्या जागी आपलं नाव कशाच्या जोरावर, हा प्रश्न तोच.

एखाद्यानं माझं घेतलंय. काय शब्द वापरू?

आधी दोन रकाने करा: डावीकडं तुमचा मजकूर, उजवीकडं त्याचा, तारखांसह. मग शब्दांची पायरी ठरते. विषय किंवा कल्पना जुळली तर 'साम्य आढळलं'. मुद्दे त्याच क्रमानं आले तर 'आधार घेतला आहे, उल्लेख नाही'. वाक्यं तीच असतील तर 'उतारा जसाच्या तसा'. आणि विचारूनही तो नाकारत राहिला, तर 'चौर्य'. पहिल्याच पत्रात शेवटचा शब्द घालू नका. तुमचं म्हणणं खरं असलं तरी मग चर्चा बदनामीच्या दाव्याकडं वळते.

पुस्तक छापून झालं आणि एकाचं नाव द्यायचं राहिलं. आता?

शुद्धिपत्र छापा. मजकूर एवढाच: 'पृष्ठ अमुकवरील उतारा अमुक लेखकाच्या अमुक पुस्तकातून घेतला आहे, त्यांचा उल्लेख राहून गेला, क्षमस्व.' 'मुद्रणदोषामुळे' असं लिहू नका, जुळारी बिचारा लेखकांची नावं खात नाही. कागद शीर्षकपानासमोर चिकटवा, मलपृष्ठाच्या आत नाही. आणि एक प्रत त्या लेखकाला पोस्टानं पाठवा, पत्रासकट.